काळी जमीन हलते

एप्रिल संपत आला की मंगळवेढ्याकडच्या नाहीतर परभणीकडच्या एखाद्या भारी रानात जा आणि पायाखाली बघत चाला. तळहात सहज आत जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या असतात. त्यांतल्या एकीत तुराटी सोडा. वीत, हात, दीड हात… तुराटी आत जातच राहते. मीटरभर खोल भेग या जमिनीत नवलाची नाही.

त्याच जागी जुलैत पुन्हा या. भेग नाही! कुणी बुजवली? कुणीच नाही. पाऊस पडला, जमीन फुगली आणि भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींना येऊन भिडल्या. दर पावसाळ्यात हे होतं आणि दर उन्हाळ्यात उलटं होतं. नुसत्या भेगाच उघडतात-मिटतात असंही नाही. अख्ख्या रानाची पातळी पावसाळ्यात काही सेंटीमीटर वर उचलली जाते आणि उन्हाळ्यात परत खाली बसते. आपण जिच्यावर घट्ट पाय रोवून उभे राहतो ती काळी जमीन खरोखर हलते.

लाखो टन माती उचलणारी ही ताकद येते कुठून? एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या बारीक फटीतून. आणि त्या फटीत काय चालतं ते एकदा कळलं की वाफसा का धरायचा, ज्वारी तीनदा का कोळपायची, युरिया मातीआड का करायचा, चोपण जमिनीला जिप्सम का घालायचं, या सगळ्या सल्ल्यांचं मूळ एकच असल्याचं दिसतं.

सुरुवात फार मागून करावी लागेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर डायनोसॉर अजून होते तेव्हा, इथली जमीन ठिकठिकाणी फाटली आणि पातळ लाव्हा बाहेर येऊ लागला. एकदा आला, थिजला, त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. असं लाखो वर्षं चाललं. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, त्यांतली पायरी न् पायरी म्हणजे लाव्ह्याचे असे थर. आज उरलेला हा बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चार भाग त्यावरच वसलेले आहेत.

आता गंमत बघा. खडक एकच, पण त्यापासून माती एकच झाली नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे पाण्याने खडकातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका असं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि मागे लोखंड-अॅल्युमिनियमने भरलेला तांबडा जांभा राहिला. पाचगणीच्या टेबल लँडचा माथा तोच. तिथून सरळ रेषेत २०० किलोमीटरांच्या आत मंगळवेढा आहे. तिथे पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्याने खडक कुजतो, पण त्यातला माल धुऊन जात नाही. सिलिका, मॅग्नेशियम, चुना तिथेच राहतात आणि एकत्र येऊन एका वेगळ्याच खनिजाचे कण बनतात. माळावर मुरूम उघडा पडतो, उताराच्या मध्यावर मध्यम जमीन बनते आणि वाहून आलेली सगळ्यात बारीक माती खोलगटात, नदीकाठी साठत जाते. तीच आपली भारी काळी.

त्या खनिजाच्या घराण्याला स्मेक्टाइट म्हणतात आणि त्यातला आपल्याकडचा मुख्य प्रकार म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा कण दोन सहस्रांश मिलिमीटरहून लहान असतो. साध्या डोळ्यांना तो दिसणार नाही. पण त्याच्या आत डोकावता आलं असतं तर एक वही दिसली असती. पानावर पान, पानावर पान. एकेक पान एका नॅनोमीटरच्या आसपास जाडीचं, म्हणजे एक मिलिमीटर उंचीची चळत रचायची तर अशी दहा लाख पानं लागतील.

इतकी पातळ पानं असली की काय होतं? क्षेत्रफळ अफाट वाढतं. एक ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटची सगळी पानं सुटी करून पसरली तर सुमारे ७०० चौरस मीटर जागा व्यापतील. आता हिशेब करा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. सहा ग्रॅम मातीकण, चहाचा चमचा जेमतेम भरेल एवढे, आणि त्यांच्या पोटात एकरभर पृष्ठभाग! तुम्ही एक एकर रान कसता तेव्हा खरं तर किती एकर कसत असता, याचा विचार करून पाहा.

वही पाण्यात पडली की फुगते, हे आपण पाहिलेलं आहे. पानापानांत पाणी शिरतं आणि ती मिटता मिटत नाही. काळीच्या कणाचं तसंच होतं, फक्त त्याला आणखी एक कारण आहे. ही पानं घडताना काही ठिकाणी अॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक पानावर कायमचा ऋण विद्युतभार राहून जातो. हा भार फेडायला धन भाराचे कण पानांच्या फटीत येऊन बसतात: कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम. आणि या प्रत्येकाला पाण्याची ओढ असते. पाऊस पडला की ते आपल्याभोवती पाणी गोळा करतात आणि पानं एकमेकांपासून दूर ढकलली जातात. फटीत कॅल्शियम असेल तर पानांमधलं अंतर ठरावीक जागी येऊन थांबतं, पण तोवर कोरडं असतानाची जाडी जवळजवळ दुप्पट झालेली असते. पानांच्या गठ्ठ्यागठ्ठ्यांमध्येही पाणी शिरतं. अब्जावधी वह्या एकाच वेळी फुगू लागल्या की जमीन हलणार नाही तर काय होईल?

असं खनिज बनायला पाणी लागतंच लागतं. म्हणूनच २०१३ मध्ये क्युरिऑसिटी या बग्गीने मंगळावरचा खडक पोखरून पाहिला आणि त्याच्या पिठात याच स्मेक्टाइट घराण्यातली माती सापडली, तेव्हा शास्त्रज्ञ हरखून गेले. मंगळावर एके काळी गोड्या पाण्याचं तळं होतं, याचा तो भक्कम पुरावा ठरला. आपल्या बांधावरच्या चिखलाचे भाऊबंद तिथेही आहेत!

आता परत भेगेकडे येऊ. ऑक्टोबरनंतर पानांतलं पाणी निघून जाऊ लागतं आणि माती सगळ्या बाजूंनी आक्रसते. खाली आक्रसली की रान खाली बसतं, आडवी आक्रसली की फाटतं. उन्हाळ्यात वारा, गुरांचे खूर, वळवाचे शिंतोडे यांनी वरची भुसभुशीत माती या भेगांत पडत राहते. मग पाऊस येतो आणि खालची माती फुगू पाहते, पण तिच्या फुगण्याच्या जागेत आता वरची माती येऊन बसलेली असते. तिने जायचं कुठे? बाजूला वाव नाही, म्हणून मातीचे मोठे मोठे तुकडे एकमेकांवर तिरके घसरतात आणि खालची माती हळूहळू वर ढकलली जाते. शतकानुशतकं ही उलथापालथ चालू आहे. औत न लावता, बैल न जुंपता काळी स्वतःला नांगरत असते. तुम्हाला खूण पाहायची असेल तर भारी जमिनीत दोन-तीन फूट खणा. मातीच्या पाचरी निघतील आणि त्यांच्या बाजू घासून घासून चकाकत असतील. लोखंडाने नाही, मातीने मातीला दिलेली ती झिलई असते.

घर बांधणाऱ्यांना मात्र ही ताकद जड जाते. वऱ्हाडात, मराठवाड्यात काळ्यावर उथळ पाया घातलेल्या भिंती तिरक्या तडकतात, रस्ते लाटालाटांचे होतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर बूड असलेले खांब शोधून काढले. हलणारा वरचा थर ओलांडून ते खालच्या न हलणाऱ्या थरात रुतून बसतात. काळी कसायला आणि पांढरी राहायला, ही आपल्या गावाची जुनी विभागणी किती शहाणपणाची होती!

पण शेतकऱ्याला हीच फुगणारी माती सोन्याहून पिवळी. कारण पानापानांत शिरलेलं पाणी लगेच निघून जात नाही. मीटरभर खोल भारी जमीन पिकाला वापरता येईल असं सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. एकराला हे पाणी होतं आठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ८० टँकर! ना विहीर, ना मोटर, ना वीजबिल. तुमच्या एक एकर रानाच्या पोटात ८० टँकर पाणी उभं असतं आणि वरून त्याचा पत्ताही लागत नाही.

सोलापूर-मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी याच पाण्यावर येते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात ती पेरायची. त्यानंतर परतीचा पाऊस संपतो आणि पुढचे चार महिने आभाळाकडून काही मिळत नाही. तरी ज्वारी डोक्याच्या वर जाते, हुरड्यावर येते, टपोरा दाणा भरते आणि वर गुरांना कडबाही देऊन जाते. पाणी देतं कोण? जमीनच. मुळं दर आठवड्याला खाली उतरत राहतात आणि एकेक थर रिकामा करत जातात. करडई तर याहून हुशार. तिचं सोटमूळ दीड-दोन मीटरपर्यंत जातं आणि ज्वारीच्या मुळांना न पोचलेलं पाणीही वर ओढतं.

म्हणून पेरणीआधी विचारायचा पहिला प्रश्न असा: माझ्या रानात माती किती खोल आहे? फूटभर माती आणि खाली मुरूम असेल तर टाकीच लहान. तिथे लवकर येणारी फुले अनुराधा किंवा फुले माउली पेरायची, म्हणजे टाकी रिकामी व्हायच्या आत दाणा भरतो. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीत मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ किंवा फुले सुचित्रा चालते. त्याहून खोल जमिनीत फुले वसुधा, फुले यशोदा यांच्यासारखी जास्त दिवसांची वाणं मोठ्या टाकीचा पुरेपूर फायदा घेतात. शेजाऱ्याच्या रानात आलेलं वाण आपल्या रानात फसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा बियाण्यात नसतं, मातीच्या खोलीत असतं.

आता या टाकीला एक गळती आहे, ती म्हणजे भेगाच. रान फाटलं की भेगेच्या दोन्ही भिंती उघड्या पडतात. वारा आत शिरतो आणि खोलातला ओलावा उडून जायला लागतो. फाटताना मातीबरोबर पिकाची बारीक मुळंही तटातट तुटतात. मग उपाय काय? कोळपं. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं चालवायचं, त्याने पाण्यात वाटा मागणारं तण जातं. पाचव्या आठवड्यात अखंड पासाचं, त्याने वर दोन बोटं भुसभुशीत थर तयार होतो आणि खालचं पाणी वर चढायची वाट मोडते. आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं चालवायचं. तोवर भेगा पडायला लागलेल्या असतात आणि दाते त्यांत माती लोटून त्या बुजवतात. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणतात. त्यामागचं गणित आता दिसतं ना? कोळपं पाणी देत नाही, साठलेलं पाणी जाऊ देत नाही, आणि पिकाला दोन्ही सारखंच.

ही टाकी भरते कशी, तेही बघण्यासारखं आहे. मृगाचे पहिले पाऊस पडतात तेव्हा भेगा आ वासून असतात. कितीही जोराचा पाऊस असो, पाणी गटागटा खाली जातं आणि थेट खोलातली माती भिजते. पण जमीन फुगली, भेगा मिटल्या की चित्र पालटतं. आता पाणी मुरण्याचा वेग ताशी काही मिलिमीटरांवर येतो. आधी थेंब न् थेंब पिणारी जमीन आता पाणी बाहेर ढकलते, आणि ते जाताना वरची कसदार मातीही घेऊन जातं. कोरडवाहू शेतकरी म्हणूनच पेरणीच्या आधी पावसाळ्यात उतार पाहून रानात लहान लहान बंदिस्त वाफे पाडतात. पाणी तिथल्या तिथे थांबतं, त्याला मुरायला वेळ मिळतो.

सोयाबीन, तूर, कापूस यांची अडचण वेगळी. ती पावसाळ्यातच रानात उभी असतात. मातीकणांची पानं फुगून मातीतल्या हवेच्या जागा मिटल्या आणि वर पाणी तुंबलं की मुळांना श्वास घेता येत नाही, पीक पिवळं पडतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी भारी काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसवली. सुमारे दीड मीटरच्या पट्ट्यात मीटरभर रुंद गादी आणि तिच्या शेजारी अर्ध्या मीटरची सरी. जास्तीचा पाऊस सरीतून सावकाश निघून जातो, खंड पडला तर सरीत मुरलेलंच पाणी गादीवरच्या पिकाला मिळतं. विदर्भ-मराठवाड्यात बीबीएफ यंत्राने सोयाबीन पेरतात ते हेच. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी पेरणीनंतर ठरावीक तासांआड बळीराम नांगराने एक सरी ओढली तरी मोठा फरक पडतो.

आता काळीवरच्या सगळ्यात नाजूक प्रश्नाकडे येऊ: औत घालायचं केव्हा? कोरडी असताना घातलं तर धोंड्याएवढी ढेकळं निघतात. ओली असताना घातलं तर चिखल फाळाला, चाकाला, खुराला चिकटतो. मधले काही दिवसच असे असतात की फाळ लागला की माती आपण होऊन मोकळी होते. तोच वाफसा. वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. वरची माती बाजूला सारा, चार-पाच बोटं खालून मूठभर माती घ्या आणि आवळा. लाडू वळलाच नाही तर ती फार कोरडी आहे. वळला, पण तळहात चिकट झाला आणि लाडवावर बोटांचे ठसे चकाकले, तर अजून थांबा. वळला, हात कोरडा राहिला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर लाडू फुटून त्याचा भुगा झाला, तर जुंपा औत.

ओल्यात घाई केली तर नेमकं काय बिघडतं? पानांमध्ये पाणी असतं तेव्हा ती एकमेकांवरून सहज सरकतात. ट्रॅक्टरचं वजन पडलं की ती सगळी आडवी दाबून बसतात आणि मधल्या हवेच्या जागा नाहीशा होतात. वाळल्यावर तो थर इतका कडक होतो की मूळ त्याला आपटून आडवं वळतं. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर रोटाव्हेटर फिरवला तरी वीतभर खाली असाच तवा तयार होतो. अधूनमधून उन्हाळ्यात खोल नांगरट करणं किंवा सबसॉयलर चालवणं त्यासाठी गरजेचं. उन्हाळी नांगरटीची ढेकळं मोठी निघाली म्हणून घाबरायचं कारण नाही. ती फोडायला पहिला पाऊस पुरतो. पाणी चारी बाजूंनी आत घुसतं, आत अडकलेली हवा दाबली जाते, पानं फुगतात आणि घणाने न फुटणारं ढेकूळ काही मिनिटांत ढासळतं.

पानांवरचा ऋण भार आपण विसरलो नाही ना? पाणी धरणारी तीच जागा खतही धरते. अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम हे धन भाराचे, म्हणून ते पानांना बिलगून राहतात आणि मुळाने मागितलं की सुटतात. नायट्रेट मात्र ऋण भाराचं. त्याला पानं थारा देत नाहीत आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. म्हणून नत्र एकदम ओतायचं नाही, हप्त्यांनी द्यायचं. त्यातही काळी जमीन बहुधा विम्लधर्मी. युरिया ओल्या जमिनीवर नुसता फेकला तर त्यातला बराच अमोनिया होऊन हवेत उडतो. मातीआड केला तर तोच अमोनियम होऊन पानांत अडकतो. स्फुरदाची तऱ्हा तिसरीच: ते चुन्याशी जखडून जागच्या जागी बसतं, म्हणून ते मुळाच्या वाटेवरच पडायला हवं. दोन चाड्यांच्या पाभरीने बी आणि खत एकाच वेळी, शेजारी शेजारी पेरायची पद्धत याचसाठी.

तोच चुना लोहालाही अडवतो. लांबलेल्या पावसानंतर सोयाबीनची, उसाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर जमिनीत लोह नाही असं नसतं. ते असतं भरपूर, पण चुनखड आणि तुंबलेलं पाणी मिळून त्याला मुळापर्यंत येऊ देत नाहीत. अशा वेळी आधी पाणी काढून द्या, मग पानांवर फेरस सल्फेट फवारा, म्हणजे लोह जमिनीला वळसा घालून थेट पानात जातं.

आणि रंगाचं काय? एवढी काळीभोर जमीन सेंद्रिय कर्बाने भरलेली असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक रानांत तो अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी असतो! थोडासाच ह्यूमस या अफाट पृष्ठभागाला इतका घट्ट बिलगून बसतो की सगळी माती काळी दिसते. म्हणजे रंगावरून कस ठरवता येत नाही. शेणखत, हिरवळीचं खत, उन्हाळ्यात धनगराच्या मेंढ्या रानात बसवणं, पाचट न जाळता कुजवणं, हे काळीलाही तितकंच हवं. सेंद्रिय पदार्थ मातीकणांचे बारीक रवे बांधतात आणि त्या रव्यांमधल्या जागांतूनच हवा आणि पाणी खेळतं.

इथवर फटीत कॅल्शियम आहे असं धरून चाललो होतो. पण त्याची जागा सोडियमने घेतली तर? मग पानांना एकत्र धरणारं कुणी उरत नाही. पाणी शिरलं की ती ठरावीक अंतरावर न थांबता पार सुटी होतात, पाण्यात तरंगतात आणि जिथे बारीकशी वाट दिसेल तिथे जाऊन बसतात. वाटा बुजल्या की पाणी मुरत नाही आणि वाळली की जमीन टणक होते. हीच चोपण जमीन. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात हजारो एकर जमिनी अशा खारवट-चोपण झाल्या, त्या जास्तीच्या पाण्यामुळे. पाणी वरचेवर दिलं, निचरा झाला नाही, भूजल वर आलं आणि आपल्याबरोबर क्षार घेऊन आलं.

तुमची जमीन त्या वाटेवर आहे का, हे घरबसल्या बघता येतं. वाटाण्याएवढा कोरडा खडा घ्या. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी भरा. खडा अलगद सोडा आणि ढवळू नका. निरोगी काळीच्या खड्यातून बुडबुडे येतील, तो ढासळून बारीक रव्यांचा ढीग होईल, पण वरचं पाणी नितळ राहील. चोपण मातीच्या खड्याभोवती मात्र दुधट ढग पसरेल आणि तासन् तास खाली बसणार नाही. सुटी झालेली पानंच तुम्ही डोळ्यांनी पाहत असता.

उपाय त्याच फटीत आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियमचं सल्फेट. ते घातलं की कॅल्शियम फटीत शिरतं आणि सोडियमला बाहेर काढतं. पण बाहेर आलेला सोडियम रानातच राहिला तर केलेलं सगळं फुकट. त्याला पाण्याबरोबर रानाबाहेर घालवायला चर हवेत, नाहीतर जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून केलेला निचरा हवा. म्हणून क्रम असा: माती परीक्षण, मग निचरा, मग अहवालाप्रमाणे जिप्सम, मग धैंचा आणि शेणखत. जमीन नुसती खारवट असेल, वर पांढरे क्षार फुललेले असतील पण सोडियम कमी असेल, तर जिप्समचा खर्चही करू नका. निचरा आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर ती सुधारते.

सगळ्यात उपयोगी काम शेवटी सांगतो. त्याला एक दिवस आणि एक फावडं लागतं. खरिपाची काढणी झाली की रानात उंचावर एक आणि खोलगटात एक असे मीटरभर खोल खड्डे खणा आणि आत उतरून भिंत नीट बघा. मुरूम किती खाली लागला? तेवढीच तुमची टाकी, वाण तिच्या मापाने निवडा. वीतभर खाली कडक थर लागला आणि मुळं तिथे आडवी वळली आहेत? खोल नांगरट करायची वेळ झाली. मातीच्या पाचरी चकाकताहेत? जमीन जोरात फुगते, फळबाग लावायची तर आधी चर काढा. मुळांशी पाणी तुंबलं की संत्र्याचं झाड मरतं, हे नागपूरकर बागायतदाराला विचारा. पांढरे चुनखडीचे खडे दिसताहेत? लोह आणि जस्ताकडे लक्ष ठेवा. यातलं काही सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. पण खड्डा वाचणाऱ्या शेतकऱ्याला पुढच्या हंगामात काय पेरावं, खत केव्हा द्यावं आणि पाणी कुठे थांबवावं, हे दुसऱ्याच्या रानाकडे बघून ठरवावं लागत नाही.